कॅमेरा घेताना आधी रिमोटचा पोर्ट बघ

प्रिय मित्रा,

स्कायडायव्हिंगला, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारताना, हेल्मेटवर कुठला कॅमेरा लावू असं विचारणारा तुझा मेसेज मिळाला, दोन्ही कॅमेऱ्यांच्या लिंका पण बघितल्या. चांगलेच आहेत रे दोन्ही, पण तू मेगापिक्सेलचं विचारतोयस आणि मला आधी बघायचंय की बॉडीच्या बाजूचं रबराचं झाकण उघडलं की आत वायर्ड रिमोटचा पोर्ट आहे का. वर हात मोकळे कुठे असतात, हातांनीच तर आपण तोल सांभाळतो, एक हात हेल्मेटकडे नेलास की लगेच गिरकी बसायला लागेल, म्हणजे शटर मारणार तुझे दात नाहीतर जीभ, आणि त्या स्विचची वायर याच पोर्टात जाणार. कॅननच्या छोट्या डीएसएलआरना साधी 2.5 मिमीची पिन चालते, 5डी-7डी सारख्या मोठ्यांना तीन पिनांचा वेगळा एन3 कनेक्टर लागतो. काही छोट्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) मात्र हा पोर्टच नसतो, ब्लूटूथ रिमोटवर भागवायचं, आणि त्यांच्या वाटेला तू जाऊ नकोस असं मला मनापासून वाटतं. ताशी 200 किमीने खाली येताना कनेक्शन तुटलं तर परत जोडणार कोण?

स्विचमध्ये बाइट स्विच घे. दाढांमध्ये धरायचं छोटंसं बटण असतं, वरून रबरी आवरण, बारीक वायर ओठाच्या कोपऱ्यातून निघून हेल्मेटात जाते. जिभेने दाबायचा पण मिळतो, फुंकर मारायचा पण, ज्याला जे जमेल ते. बाइटची खोड एकच, विमानातून बाहेर पडताना जबडा आपोआप आवळला जातो, मग नको तेव्हा धडाधड फोटो निघतात, बफर (फोटो साठवायची कॅमेऱ्यातली तात्पुरती जागा) भरतो आणि नेमक्या क्षणाला कॅमेरा गप्प. म्हणून घरी तोंडात धरून फिर, बोल, मान वळव, दाढ सैल ठेवायची सवय लागू दे. आणि रोज धुवून कोरडा कर, लाळेने आतले कॉन्टॅक्ट गंजतात.

अजून एक, या स्विचमध्ये बऱ्याचदा फोकस आणि शटरच्या तारा एकत्रच जोडलेल्या असतात, म्हणजे अर्धं दाबणं हा प्रकारच नाही, ऑटोफोकस शोधत बसला तर शॉट गेला. त्यापेक्षा फोकस मॅन्युअलला टाक. एपीएस-सी (छोट्या सेन्सरची) बॉडी, 18 मिमी लेन्स, एफ/8 अ‍ॅपर्चर, फोकस दोन मीटरच्या किंचित पुढे, की साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. मग फोकसच्या रिंगवर टेप मार, झूमवर पण. शटर स्पीड 1/500 च्या खाली नको.

मेनूत ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढव, नाहीतर विमान वर चढेपर्यंत कॅमेरा झोपतो. उडीच्या आधी एकदा चावून बघ, पण वाऱ्यात शटरचा आवाज येत नाही, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल असा इंडिकेटरचा दिवा लावून घे, 13 हजार फुटांवरून जेमतेम मिनिटभराचा फ्रीफॉल (पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं) मिळतो, त्यात शंका नको. नेम धरायला डोळ्यासमोर रिंग साइट हवीच, ती जमिनीवर कॅमेऱ्याशी नीट जुळवून घे.

आता वजन. यावर मी हटून बसणार आहे. पॅराशूट उघडतानाचा झटका सगळा मानेवर येतो, म्हणून हलकी बॉडी आणि किट लेन्सच घे, भारी लेन्सचा मोह नको. हेल्मेटला एका हाताने सुटणारं कटअवे, म्हणजे काही अडकलं तर हेल्मेट झटकन सोडून द्यायची सोय, हवं, आणि वायरचा लूप, माउंटचा कोपरा असं काहीच बाहेर नको, पॅराशूटची दोरी अडकली की खेळ संपला. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन कॅमेऱ्याआधी 200 उड्या आणि सी लायसन्स (त्यांचा अनुभवी उडीवाल्यांचा परवाना) सांगते ते याचसाठी. तुझं ते झालंय, तरी पहिल्या काही उड्या फोटोचा विचार न करता कॅमेरा नुसता डोक्यावर घेऊन मार, उंचीचं भान आधी, फ्रेम नंतर.

हेल्मेटचा आतून फोटो पाठव, गालाच्या पॅडमधून वायर कुठून न्यायची ते बघून सांगतो.

तुझाच,
मित्र