डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीतल्या माल्टा सहलीच्या कार्यक्रमपत्रिका सध्या शहरात हातोहात फिरत आहेत. त्यातल्या काहींमध्ये परतीच्या आदल्या दिवशी दुपारी स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणे) आहे आणि विमान पहाटेचे. हा क्रम धोक्याचा आहे.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेइतका, दाब वाढतो. त्या दाबाची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि वर आल्यावर कित्येक तास हळूहळू बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. उरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे होतात. मग सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. एकच साधा डाइव्ह असेल तर उड्डाणापूर्वी किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह झाले असतील तर १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. आम्ही शिकणाऱ्यांना सरसकट २४ तास सांगतो. म्हणजे डायव्हिंग आधी, राजधानी व्हॅलेटा आणि खरेदी नंतर.

तयारी मात्र वडोदऱ्यातच करावी, विशेषतः कानांची, कारण खाली जाताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचे. कानात ‘टक्’ झाले की मोकळे झाले. हे पाण्याच्या पृष्ठभागावरच सुरू करायचे आणि खाली जाताना दर अर्ध्या मीटरला करायचे. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडदा फाटू शकतो. तेव्हा मीटरभर वर यावे, पुन्हा करून पाहावे, नाहीच झाले तर डाइव्ह सोडावा. तरणतलावाच्या खोल बाजूला आठवडाभर सराव पुरतो, पण पोहण्याच्या गॉगलने नको. त्यात नाक बाहेर राहते, त्यामुळे नाकातून आत हवा सोडून दाब सारखा करता येत नाही आणि डोळे लाल होतात. नाक झाकणारा मास्कच हवा. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर पट्टी कातरावी, नाहीतर तिथून पाणी आत येत राहते. सर्दीवर गोळी घेऊन उतरू नये. तिचा असर खालीच संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. सिलिंडरमधली हवा छातीत भरून, श्वास धरून दीड मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. पोहण्यात मुरलेल्यांकडूनच ही चूक होते, कारण बुडी मारताना श्वास धरण्याची त्यांना सवय असते.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षकासह १२ मीटरपर्यंतच नेतात. माल्टाच्याच गोझो बेटावरचे ‘ब्लू होल’, म्हणजे किनाऱ्याच्या खडकातला खोल पाण्याचा खड्डा, त्याच्यासाठी नव्हे. (त्याच्या शेजारची ‘अझूर विंडो’ ही कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, तिचे फोटो दाखवून सहल विकणाऱ्याला तारीख जरूर विचारावी.) ऑक्टोबरअखेर तिथले पाणी २२-२३ अंश असते, मे महिन्यात त्याहून बरेच गार. आपल्याकडच्या पाण्याची सवय असलेल्याला त्यात हुडहुडी भरते, श्वास जलद होतो आणि हवा लवकर संपते. म्हणून दिवाळीच बरी, आणि तेव्हाही ५ मिलिमीटर जाडीचा पूर्ण बाह्यांचा वेटसूटच (ऊब टिकवणारा रबरी पोशाख) मागावा.

उतरण्यापूर्वी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, मधुमेह, रक्तदाबाची गोळी, कानाचे ऑपरेशन यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. काउंटरवर रांग वाढते आणि मंडळी सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा ती सही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी. माल्टासाठी लागणाऱ्या शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक) व्हिसासाठी काढलेल्या ३०,००० युरोंच्या विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेले असते. पॉलिसीतले ते कलम वाचून, लागल्यास जादा हप्ता भरावा.

जेट स्कीवर (पाण्यावरच्या स्कूटरवर) इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवावी. बोटीत मुलांच्या लाइफ जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा आपल्या हाताने आवळावा. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून मुले गमावलेल्या या शहरात त्याचे कारण सांगावे लागू नये.

शहरातल्या सहल आयोजकांनी दिवाळीच्या पत्रिकांमध्ये डायव्हिंगचा दिवस सहलीच्या सुरुवातीला आणावा, ही विनंती.

आपले,
पोहणे व स्कूबा शिकवणारे दोन वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा