ध्वनिचित्रफीत म्हणजे अभ्यासक्रम नव्हे

महोदय,
मी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरून पूर्ण करता येतात. त्यात ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा असे चार भाग अपेक्षित आहेत. रचना उत्तमच आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी वर्गातलेच व्याख्यान कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलेले दिसते.

माझी एक विद्यार्थिनी दिवसभर औषधांच्या दुकानात काम करते. रात्री साडेनऊनंतर वडिलांचा मोबाइल तिच्या हाती येतो. असाच एक ऑनलाइन अभ्यासक्रम करताना मागणीच्या लवचिकतेवरचे (किंमत बदलली की मागणी किती बदलते, यावरचे) पाऊण तासाचे व्याख्यान तिने तीन रात्री तुकड्यातुकड्यांनी पाहिले. फळ्यावरची आकृती पाच इंची पडद्यावर दिसेना. चर्चेच्या पानावर तिने प्रश्न टाकला, तो महिनाभर तसाच पडून राहिला. वही घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा व्याख्येतला शब्द न् शब्द तिने उतरवला होता, अर्थ कळला नव्हता.

मग मी तोच विषय सात-सात मिनिटांत मांडला. कांदा महागला तरी आपण थोडा घेतोच, पण सफरचंद महागले की टाळतो, इथून सुरुवात केली. प्रत्येक भागानंतर एक प्रश्न, आणि चूक झाली तर का चुकले तेही लिहिले. तिला दोन दिवसांत उमगले.

अभ्यासक्रमाला मान्यता देताना तो आधी साध्या मोबाइलवर चालवून पाहावा आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना आठवडाभरात उत्तर देणारा शिक्षक नेमावा, ही कळकळीची विनंती.

– एक प्राध्यापिका, सोलापूर जिल्हा