आई-बाबा, यंदा बदामी ठरलंय

प्रिय आई आणि बाबा,

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं की अख्ख्या देशात चढायला सगळ्यात भारी जागा कुठली, आणि मी "अजून ठरवतेय" म्हणून विषय बदलला. मग दोन दिवस रुखरुख लागून राहिली, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही "हे कधी सोडणार" हे न विचारता दुसरं काहीतरी विचारलं होतं. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. आई, तू चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

आधी एक कबुली. मागच्या वर्षी घोटा सुजला होता तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यावरून घसरले असं सांगितलं होतं, ते खोटं होतं, मी हंपीला पडले होते. फार उंचावरून नाही, बोल्डरिंग करत होते, म्हणजे दोर न लावता छोट्या धोंड्यांवर चढतात ते, खाली क्रॅशपॅडची गादी होती आणि माझा पाय नेमका गादीच्या कडेवर आला. चूक पडण्यात नव्हती, पडणं तर रोजचंच आहे. चूक ही की मी मार्चच्या शेवटी गेले, कारण सुट्टी तेव्हाच मिळाली आणि सगळे हंपी हंपी करतात. हंपीचा दगड ग्रॅनाइट, त्यावर बारीक खडे असतात, सँडपेपरसारखे, थंडीत ते हाताला मस्त पकड देतात पण ऊन वाढलं की हात घामेजतात, बोटं सरकतात, आणि दोन दिवसात बोटांची कातडी सोलवटून निघते. तिसऱ्या दिवशी मी सोलवटलेल्या बोटांना टेप गुंडाळून चढत होते, थांबायला हवं होतं. तुम्हाला खोटं सांगितलं याबद्दल मनापासून सॉरी.

तेव्हापासून जागा निवडायची माझी पद्धतच बदलली. आधी बघते की मला सुट्टी कुठल्या महिन्यात आहे आणि त्या महिन्यात तिथला दगड कसा असतो, मग सोबत कोण आहे, आणि शेवटी काही झालंच तर तिथून डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागेल. फोटो किती सुंदर हे सगळ्यात शेवटी. असं बघितलं की नकाशावरच्या निम्म्याहून जास्त जागा आपोआप गळतात.

बाबा, तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये, की आपला सह्याद्री सोडून कर्नाटकातल्या बदामीला कशाला. आठवीत तुम्हीच मला कुरवंड्यातून नागफणीला नेलं होतं आणि वरून दरीत बघताना माझी बॅग मागून घट्ट धरून ठेवली होती, ते मी कधीच विसरणार नाही. वानरलिंगी, तैलबैला, लिंगाणा ही आपल्या सुळक्या-कड्यांची नावं ऐकली तरी पोटात काहीतरी होतं माझ्या. पण आपला कातळ बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर, मध्ये मध्ये गवताच्या पट्ट्या आणि घसारा, कुठला दगड हातात निघून येईल सांगता येत नाही. चार महिने पाऊस खाऊन जुने बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला कातळात बसवलेले खिळे, गंजतात, त्यात कड्याला आग्या मोहोळ असेल तर आवाजसुद्धा करायचा नाही. इथे लीडला, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढायला, तोच माणूस हवा ज्याला तो सुळका आधीपासून माहिती आहे, मेख कुठे बसते ते कळतं. आमच्या ग्रुपमधले असे दोघं आता परदेशात गेलेत. नवख्यांना घेऊन मी लिंगाण्याला जाणार नाही, एवढं मी तुम्हाला शब्द देऊन सांगते. लिंगाणा करायचाय, पण त्याच्या लायक टीम झाल्यावर.

दुसरं नाव होतं बंगलोरजवळचं सावनदुर्ग. एकच एक अवाढव्य ग्रॅनाइटचा डोंगर, हाताला धरायला जवळपास काही नाही, नुसत्या बुटाच्या रबरवर भरवसा ठेवून उतरत्या कातळावरून वर चालत जायचं. आणि बोल्ट लांब लांब असतात, त्यामुळे घसरलात तर बरंच खाली घसरत येता. माझं डोकं अजून तेवढं शांत नाहीये, खरं सांगते. तिथून जवळच रामनगर आहे, पण रामदेवर बेट्टाला २०१२ मध्ये गिधाडांचं अभयारण्य झालं, त्यामुळे तो डोंगर मी यादीत घेतलाच नाही. गिधाडं कड्याच्या कपारीत घरटी करतात आणि आपल्या देशात ती किती कमी उरलीत हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल, तो कडा त्यांच्याकडेच राहू दे.

आणि हिमाचलमधलं छत्रू. लाहौलमध्ये, ३,००० मीटरच्या वर, नदीकाठी घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे पसरलेत आणि मागे बर्फाचे डोंगर. आमच्या सगळ्यांचं स्वप्न आहे ते. पण ते उन्हाळ्यातच जमतं, एरवी बर्फ, आधी काही दिवस उंचीची सवय करून घ्यायची, आणि मोठं हॉस्पिटल कित्येक तास लांब. मला सुट्टी डिसेंबरात आहे, त्यामुळे प्रश्नच मिटला.

म्हणून बदामी. तिथला दगड वालुकाश्म, लाल-केशरी, आपल्या बेसॉल्टहून कितीतरी जुना. त्यात आडव्या आडव्या खाचा असतात, अख्खी बोटं आत जातात, त्यामुळे कडा उभा असला, अगदी पुढे झुकलेला असला तरी धरायला मिळतं, आणि हातांची सालं निघत नाहीत. बऱ्याच रूटवर बोल्ट आहेत, सोप्यापासून देशातल्या अवघड रूटपर्यंत सगळं एकाच गावात, कडे गावातून चालत जाण्याएवढे जवळ. डिसेंबरात हवा थंड आणि कोरडी. एकच पथ्य आहे, पाऊस पडून गेला तर दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि पकडीच तुटतात. अवकाळी आलाच तर आम्ही नुसते फिरू. किल्ला आणि लेणी पुरातत्त्व खात्याची, तिथे कुणी चढत नाही, आमचे कडे वेगळे. हेल्मेट असणार, आणि दर वेळी निघण्याआधी मी बिलेयरचं, म्हणजे खालून दोर धरणारीचं, दोर अडकवायचं उपकरण बघते आणि ती माझी गाठ, न चुकता, कितीही दमलो असलो तरी.

आता खरं सांगायचं ते. तुम्ही दोघं पण चला ना. बाबा, तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८ चा मंगलेशाचा शिलालेख आहे, तुम्ही आयुष्यभर वर्गात चालुक्य शिकवलेत आणि बदामी अजून बघितली नाहीत हे मला बरोबर वाटत नाही. लेण्यांना पायऱ्या आहेत, तुमच्या गुडघ्यांचं मला माहितीये, सावकाश बसत बसत जाऊ, नाही जमलं तर खाली अगस्त्य तलावाच्या काठाला बसा, तिथूनही कडे मस्त दिसतात. आणि आई, बनशंकरी तिथून पाचेक किलोमीटरवर. तू माझ्या लग्नाच्या आधीपासून म्हणतेयस की कुलदेवीला जाऊन ओटी भरायचीये, ते दर वर्षी राहून जातं. पौषातल्या जत्रेला खूप गर्दी असते, म्हणून त्याच्या आधीच उरकू, म्हणजे तुला शांतपणे दर्शन होईल. फक्त पिशवीत केळी दिसतील अशी ठेवू नकोस, लेण्यांपाशी माकडं हातातून ओढून नेतात.

एक दिवस सकाळी मला चढताना बघा एवढंच मागणं आहे. कड्याच्या खाली सावली असते, मी खुर्च्या आणते. आई, तुला नको वाटलं तर तोंड फिरवून बस, पण ये. मी दोराला कशी बांधलेली असते, माझी पार्टनर खालून दोर कसा धरते, हे तुम्ही एकदा डोळ्यांनी बघावं असं फार वाटतं, कारण तुमच्या मनात जे चित्र आहे ते मी पडतानाचं आहे.

गाडी सोपी आहे, सोलापूरहून गदगकडे जाणाऱ्या लाइनवरच बदामी स्टेशन आहे. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि लोअर बर्थ पटापट जातात, तेव्हा बाबा, गुरुवारपर्यंत सांगा. डॉक्टरांना गुडघ्याचं विचारून घ्या, आणि घोट्याबद्दल रागवायचं असेल तर तेही गुरुवारीच रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची,
चिऊ