एस्प्रेसो यंत्राच्या दुरुस्तीबद्दल मन:पूर्वक आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमचे घरचे एस्प्रेसो यंत्र पुन्हा व्यवस्थित चालू झाले आहे. ते मला स्वतः उघडून दुरुस्त करता आले याचे श्रेय आपले आहे, म्हणून हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

यंत्र सुरू केले की पंपाचा आवाज येई, पण कॉफीच्या बाजूने पाण्याचा थेंबही पडत नसे. पंप गेला आहे, तो बदलावा लागेल, असे सेवा केंद्राने यंत्र न उघडताच सांगितले होते. आपले दुकान मिक्सर आणि गीझर दुरुस्तीचे. असे यंत्र आपण पूर्वी कधी उघडलेले नव्हते. तरीही आपला पहिलाच प्रश्न नेमका होता : वाफेच्या नळीतून पाणी येते का? ते जोरात येत होते. म्हणजे पंप पाणी ओढतो आहे, बॉयलर भरतो आहे, आणि अडथळा त्याच्या पुढे, कॉफीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेने उघडबंद होणाऱ्या झडपेत) असणार, हे एकही स्क्रू न काढता ठरले. तिथेच नवा पंप विकून आपल्याला चार पैसे सहज मिळाले असते, हे मी विसरू शकत नाही.

प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड होऊ देऊन आणि वाफेचा नळ उघडून आतला दाब सोडल्यावरच पाना हातात घ्यायचा, ही शिस्त आपण घालून दिली. व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल मल्टिमीटरवर (विजेची जोडणी तपासण्याच्या मापकावर) ठीक निघाली. व्हॉल्व्ह सुटा केला तेव्हा मात्र आतल्या बारीक छिद्रात पांढऱ्या क्षाराचा खडा घट्ट बसलेला दिसला. आमच्याकडे टँकरचे जड, क्षारयुक्त पाणी येते, त्याचाच तो परिणाम. मी टाचणी शोधू लागताच आपण थांबवलेत, कारण झडप जिथे टेकून बंद होते त्या पितळी बैठकीवर ओरखडा उमटला की तो व्हॉल्व्ह पुढे गळतच राहतो. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात तो भाग ठेवला, बारीक बुडबुडे उठू लागले आणि काही वेळाने छिद्रातून पलीकडचा उजेड दिसला. ज्या यंत्रात सुमारे ९ बार दाबाने पाणी कॉफीतून ढकलले जाते, ते एवढ्याशा खड्याने अडून बसले होते! हाच व्हॉल्व्ह कॉफी झाल्यावर उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडतो. त्यामुळे कॉफीची पूड भरलेले हँडल काढताना गरम चोथा अंगावर उडत नाही, हेही त्या निमित्ताने कळले.

यंत्र पुन्हा जोडल्यावर, प्लग लावण्यापूर्वी, हीटिंग एलिमेंट आणि यंत्राचे धातूचे अंग यांच्यात कुठे संपर्क तर नाही ना, आणि अर्थिंगची तार अंगाला पक्की जोडलेली आहे ना, हे आपण मल्टिमीटरने तपासायला लावलेत. गीझरच्या कामातली ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पाणी आणि वीज एकाच डब्यात असताना घाई करणे जिवावर बेतू शकते.

हँडल जिथे बसते तिथले गळती रोखणारे रबरी गॅस्केटही कडक होऊन चिरले होते, तेही बदलले. आपण मजुरी घेतली नाहीत, तेव्हा एवढे तरी स्वीकारावे : गॅस्केट दोन मागवली होती, त्यांतले उरलेले या आठवड्यात दुकानात आणून देतो. त्याच मापाचे यंत्र घेऊन कोणी आले, तर ते त्याला द्यावे.

आपला कृतज्ञ,
टँकरच्या पाण्याच्या सोसायटीतला आपला शेजारी