सभासदांसाठी सूचना : पाऊस आणि विश्वामित्री नदी

सप्रेम नमस्कार. येत्या दोन-तीन दिवसांत बडोदे आणि परिसरात मुसळधार पावसाचा अंदाज आहे. रविवारचे भजन आणि दांडिया बाजारातली बैठक सध्या पुढे ढकलली आहे.

पाऊस उघडला की धोका टळला, असं आपल्याकडे होत नाही. पावागडच्या बाजूला पडलेलं पाणी आजवा सरोवरातून आणि ओढ्यांतून विश्वामित्रीत उतरायला वेळ घेतं. ऑगस्ट 2024 मध्ये हेच झालं. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी 26 फूट. तेव्हा पाणी 35 च्याही वर गेलं होतं. म्हणून आभाळाकडे नव्हे, काळा घोड्याच्या आकड्याकडे लक्ष ठेवा.

समा, फत्तेगंज, कारेलीबाग, सयाजीगंज, अकोटा इथल्या सखल भागातल्या सभासदांनी गाड्या आजच तळघरातून बाहेर काढाव्यात. माझी स्कूटर मागच्या खेपेला "उद्या काढू" म्हणत राहिली आणि सीटपर्यंत बुडाली. दुरुस्तीचं बिल अजून जपून ठेवलंय. धान्याचे डबे, औषधं, कागदपत्रं वर ठेवा. पाणी दारात आलं तर आधी मेन स्विच बंद.

साचलेल्या पाण्यात उतरू नका, मुलांना तर नाहीच. मगरी अंगणापर्यंत येतात, हे बडोदेकरांना सांगायला नको. दिसली तर व्हिडिओ काढत न बसता वनखात्याला किंवा अग्निशमन दलाला (101) कळवा.

एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना शेजारच्या सभासदांनी आज संध्याकाळीच फोन करावा. ग्रुपवर खात्री नसलेले जुने व्हिडिओ कृपया टाकू नयेत.

— कार्यवाह