आरोग्य विम्याचा हप्ता भरण्याआधी

सर्व सभासदांसाठी,

परदेशात नव्याने राहायला गेलेल्यांनी खासगी पॉलिसी शोधण्याआधी तिथल्या सरकारी योजनेत आपलं नाव लागतं का, हे बघावं. पुष्कळदा लागतं. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला सरकारी विमा घ्यावाच लागतो, आणि मग उपचाराच्या खर्चातले साधारण ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात. नोकरी असेल तर कंपनीच्या गट विम्यात जोडीदार आणि मुलं येतात का, तेही विचारून घ्या.

खासगीच घ्यावा लागला, तर अमेरिका वगळून कव्हर मागा, हप्ता बराच उतरतो. डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देण्याआधी खर्चातला जो भाग आपण स्वतः भरायचा तो, वाढवूनही हप्ता उतरतो, पण आजारपणात एकरकमी काढता येईल एवढंच ते वाढवा.

कळकळीची विनंती: नुसत्या प्रवास विम्यावर वर्षं काढू नका. तो अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो. मधुमेहाची रोजची औषधं किंवा बाळंतपण त्यात सहसा बसत नाही. बाळंतपणाच्या कव्हरला बहुतेक ठिकाणी दहा-बारा महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, त्यामुळे दिवस राहिल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. फॉर्मवर जुना आजार लपवू नका. पुढे क्लेम नेमका त्याच कारणावरून नाकारला जातो.

एखादी अट कळली नाही तर सही करण्याआधी ग्रुपवर विचारा. पासपोर्ट किंवा वैद्यकीय रिपोर्टचे फोटो मात्र इथे टाकू नका.