‘सोडून दिलं’ ही बातमी कधी छापणार?

मा. संपादक,

कालच्या अंकातली ‘मुलं पळवणारी टोळी? चौघे ताब्यात’ ही बातमी फोटोसह वाचली. फोटोतल्या एकाच्या खांद्याला डौर आहे, म्हणजे आमचे लोक भिक्षा मागताना वाजवतात ते डमरूसारखं वाद्य. आम्हा नाथपंथी डवरी गोसाव्यांच्या घरात तो फोटो बघून काल कुणाला धड जेवण गेलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेला गेलेली आमची पाच माणसं याच संशयावरून पकडली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारली. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

माझ्या चुलत्यांनाही गेल्या वर्षी एका तालुक्याच्या स्टँडवर असंच घेरलं. झोळी रस्त्यावर उलटी केली. निघालं काय, तर पीठ, जुने कपडे आणि आधारकार्ड. कार्ड बघून एक जण म्हणाला, ‘हे लोक बनावट कार्डं बाळगतात.’ कार्ड नसतं तर ‘कार्डसुद्धा नाही’ म्हणाले असते. ते घाबरून गप्प बसले, तर ‘काहीतरी लपवतोय’. एकदा चोर ठरवल्यावर माणसाने काय करायचं, सांगा. पोलिसांनी संध्याकाळी सोडलं. ‘संशयित ताब्यात’ ही बातमी छापून आली, सोडल्याची एक ओळही आली नाही. तो फोटो अजून मोबाइलवर फिरतो आणि सत्तरीतले माझे चुलते आता घराबाहेर पडत नाहीत.

आईबापांची भीती मला कळते, मलाही लेकरं आहेत. पण अफवेत कुणाचं नाव नसतं, चेहरा नसतो. मग गावकरी तो शोधतात, आणि तो नेमका अशाचाच सापडतो ज्याची बोली वेगळी, पेहराव वेगळा आणि ज्याच्या बाजूने बोलायला गावात एकही घर नाही.

एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेतून मारले गेले. राज्यभर संताप उसळला, उसळायलाच हवा होता. पण त्यातल्या किती जणांना राईनपाडा आठवला? आणि राईनपाड्यावर बोललेले काही जण तेव्हा गप्प का बसले? मेलेला आपला की त्यांचा, हे आधी बघितलं गेलं. दोन्हीकडच्या घरांत रडणं मात्र सारखंच होतं.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहराने त्या अधिकाऱ्याला एक फोन केला होता का? बातमीत तसं कुठे दिसत नाही. शीर्षकातल्या प्रश्नचिन्हाने जबाबदारी संपत नाही, कारण मोबाइलवर पुढे जाताना ते प्रश्नचिन्ह गळून पडतं.

आणखी एक. ज्यांना तुम्ही ‘फिरस्ते’ लिहिता, त्याच आम्हाला जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पाल ठोकून राहणाऱ्या आजोबांचा सातबारा कुठून आणायचा? त्यावर आपल्या पानावर कधी काही वाचलं नाही.

त्या चौघांची चौकशी होऊन जे निघेल ते छापा. पहिली बातमी जिथे होती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. आणि अंकाच्या संकेतस्थळावरून त्यांचा फोटो आजच काढा.

आपला,
एक शिक्षक, जि. सोलापूर